आर्वोमामाचा आहेर

५ ऑक्टोबर

बायकोला, मर्नाला, वाटतं मी हिवाळी टायरांच्या ऑर्डरी लिहितोय. वाटू दे. साठीला टेकलेला माणूस दुकानात बसून वहीत मनातलं लिहितो हे तिला कळलं तर ती आधी माझ्या दोस्ताला, डेलला, फोन करील, आणि डेलच्या तोंडात तीळ भिजत नाही.

काल कॉलेजच्या रिंकवर आइस हॉकीच्या मोसमाचा पहिला सामना झाला. माझी खुर्ची तीच, बर्फाच्या अगदी काठाला, काचेच्या आड. गोल कोणी केला हे आंधळ्यालाही दिसतं. पण गोलाआधी पक, म्हणजे ती रबराची चकती, ज्यांच्या हातून गेला त्या शेवटच्या दोघांना एकेक असिस्ट मिळतो, आणि ते दोघं कोण हे ठरवतो मी. रेफरी काचेच्या भोकापाशी येऊन आपलं मत सांगतो, पण शेवटचा शब्द गुणलेखकाचा. बावीस वर्षं हे काम करतोय, एक पैसा न घेता. माझ्याआधी या खुर्चीत मर्नाचे आर्वोमामा बसायचे. कामही त्यांनीच शिकवलं.

पॉपकॉर्नच्या खिडकीशेजारी विक्रमांचा फळा आहे. त्यावर एक पितळी पट्टी: एका मोसमातले सर्वाधिक असिस्ट, वेन कोटिला, ४१, १९८६-८७. सामन्याला जाता जाता मी ती रुमालाने पुसतो. तिथे धूळ फार बसते.

काल एक नवा पोरगा खेळला, पहिल्या वर्षाचा. रीस डॅनिलुक. कॅनडातल्या सस्कॅचेवानचा, म्हणजे गव्हाच्या शेतांतला. तीन असिस्ट मिळवले. सुरुवातीला सगळेच नाचतात. बर्फ पडायला लागला की कळेल.

२७ ऑक्टोबर

बर्फ पडायला लागला. पोरगा काही थांबत नाही.

काल त्याने पाठ गोलकडे असताना, मान न वळवता, दोघांच्या पायांमधून पास दिला आणि तो बरोब्बर सँडविकच्या स्टिकवर जाऊन बसला. सँडविक म्हणजे आमचा कप्तान. त्याने नुसती स्टिक टेकवली आणि गोल. अख्खं रिंक उभं राहिलं. कॉलेजच्या बँडमधला ढोलवाला तर ढोल सोडून नाचत होता. माझ्या शेजारी बर्निस बसते, माइकवरून नावं पुकारते, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाली तरी आवाज खणखणीत. ती माइक बंद करून म्हणाली, "वेन, पट्टी नीट पुसून ठेव रे. उतरवताना चकचकीत दिसायला हवी."

मी म्हटलं, "बर्निस, अजून पाच महिने आहेत."

"तेच म्हणतेय मी. पुरे होतील की त्याला."

मला तिचा राग आला नाही. पण घरी जाईपर्यंत छातीत काहीतरी जळत होतं. मर्ना म्हणते, रिंकवरचं ते मिरचीचं हॉटडॉग खात जाऊ नकोस.

१७ नोव्हेंबर

हरणांच्या शिकारीचा मोसम उघडला, म्हणून संघ बाहेरगावी आणि मी डेलच्या जंगलातल्या खोपटात. हरीण एकही दिसलं नाही. डेल माझा जुना जोडीदार. मी पास द्यायचे, त्याने गोल मारायचे, असं आमचं चालायचं. आता दातांचा डॉक्टर आहे आणि लोकांची तोंडं उघडी ठेवून स्वतः बोलतो.

आम्ही जुने गडी सौनात, त्या वाफेच्या खोलीत, बसलो होतो. तापल्या दगडांवर पाणी ओतता ओतता डेल सगळ्यांदेखत म्हणाला, "काय वेन, तो कॅनडाचा पोरगा आर्वोमामाचा आहेर पळवणार म्हणे!"

सगळे खो खो हसले. ही त्याची जुनी गंमत. माझा विक्रम झाला त्या हिवाळ्यात मर्नाशी माझं ठरलं होतं आणि जूनमध्ये लग्न झालं. डेलचं म्हणणं, त्या वर्षी मी बर्फावर बसून नाकात बोट घातलं असतं तरी मामाने असिस्ट लिहिला असता. मीही हसलो. पण तीच गंमत किती वर्षं करायची? डेलचं नाव फळ्यावर कुठेच नाही. त्याच्या पोटात दुखणारच.

खरी गोष्ट अशी की मामांची नजर घारीची होती. मला स्वतःला न कळलेले स्पर्शही त्यांना दिसायचे. सामना संपल्यावर मी विचारायचो, "मामा, तो कसा काय माझा?" ते म्हणायचे, "तुझी स्टिक लागली असणारच. मी बघितलं ना." असा गुणलेखक आता होणे नाही.

२४ नोव्हेंबर

काल एक निर्णय घ्यावा लागला. इथे नीट लिहून ठेवतो.

डॅनिलुकने कडेने पास दिला. मधे समोरच्या संघाच्या गड्याने स्टिक घातली, पक त्याच्या स्टिकला घासून पुढे गेला आणि आमच्या मुलाने गोल केला. नियम असा की पक समोरच्याच्या ताब्यात गेला तर आधीचा पास धरायचा नाही. नुसता घासला तर धरायचा. आता ताबा कशाला म्हणायचं आणि घासणं कशाला, हे ज्याने त्याने ठरवायचं. मी ठरवलं: ताबा.

सँडविक काचेपाशी आला. भोकातून म्हणाला, "मिस्टर कोटिला, रीसचा होता तो."

"ताबा गेला होता."

"ताबा? त्याला तर पक दिसलासुद्धा नाही!"

"कप्तान, तू खेळ. मी लिहितो."

बर्निसने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि डॅनिलुकच्या नावाशिवाय गोल पुकारला. तो पोरगा समोरच्या बाकावर पाणी पीत होता. त्याने मान वर करूनही पाहिलं नाही. गर्विष्ठ आहे.

मामा म्हणायचे, शंका आली तर आपल्या पोराच्या पारड्यात टाकावं. तो काळ वेगळा होता. आता जरा काटेकोर व्हायला हवं. तत्त्व म्हणून.

२८ नोव्हेंबर

आज थँक्सगिव्हिंग. मर्नाने कोणाला जेवायला बोलावलं असेल? ओळखा पाहू.

"सुट्टीत वसतिगृहात एकटा पडला असता बिचारा," ती म्हणाली. "एवढ्याशा टर्कीसाठी एवढं तोंड का पाडतोस?"

बिचारा! सहा फूट उंच आहे. आल्या आल्या बूट काढून ओळीत लावले. आमचा कॅनडातला थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरातच होऊन गेला, मिसेस कोटिला, म्हणजे यंदा मला दोनदा जेवायला मिळालं, असं म्हणाला. मर्ना अशी हसली, मी तिला लग्नात हसवलं त्यानंतर बहुधा आजच. रुटाबागाची, म्हणजे त्या पिवळ्या सलगमाची, पेजही त्याने दोनदा मागून घेतली. ती तर मीही खात नाही.

मग मला म्हणाला, "सर, एक्केचाळीस! त्या काळात गोलकीपर कसले खमके होते. तुमचा सगळ्यात आवडता कुठला हो?"

मी मिनेसोटाविरुद्धचा सांगितला. मधल्या रेषेवरून डेलला दिलेला लांब पास. तो जेवायचं थांबून ऐकत होता. म्हणाला, "आणि दुसरा?"

मी म्हटलं, "असे पुष्कळ आहेत."

"सांगा ना."

मर्ना रस्सा आणायला उठली. रस्सा टेबलावरच होता. मी म्हटलं, इतक्या वर्षांनी एकेक कुठे आठवतो. तो म्हणाला, खरं आहे सर. मग त्याने भांडी घासली. सगळी. मर्ना त्याला टॉवेल देत होती आणि त्या दोघांचं काहीतरी चाललं होतं, मला टीव्हीच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी आवाज कमी केला तेव्हा ते थांबले.

स्पष्टच लिहितो. मला त्याचा हेवा वाटतो. माझं स्वयंपाकघर, माझी बायको, माझा टॉवेल, आणि आता माझी पट्टी. एवढं सगळं एका माणसाला कशाला लागतं?

१५ डिसेंबर

परीक्षा असल्याने सामने नाहीत. दुकानात रांग. चार दिवस छान झोप लागली.

१९ जानेवारी

काल पुन्हा निर्णय घ्यावा लागला. गोलसमोर गर्दी, चार-पाच स्टिका. शेवटचा पास सँडविकचा, त्यात वाद नाही. त्याआधीचा डॅनिलुकचा, किंवा डिफेन्सच्या हायनोनेनचा. हायनोनेन इथलाच, त्याच्या आजोबांची गाडी माझ्याकडे येते, चार वर्षांत त्याच्या नावावर फारसं काही लागलेलं नाही. मी हायनोनेन लिहिलं. कोणी काचेपाशी आलं नाही. बर्निसने नाव पुकारलं आणि खुर्ची जरा पलीकडे सरकवली, ते मला जास्त लागलं.

आज सकाळी छतावर खरडण्याचा आवाज. बाहेर जाऊन बघतो तर डॅनिलुक आमच्या छतावर! रात्रीत दोन फूट बर्फ पडला होता आणि तो फावड्याने खाली लोटत होता.

"अरे, कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही सर! तुमचा खांदा दुखतो असं मिसेस कोटिला म्हणाल्या होत्या. बाजूला व्हा, टाकतोय!"

ढीगभर बर्फ माझ्या पायांशी येऊन पडला. मर्नाने त्याला सहा पास्ट्या बांधून दिल्या. मांस भरलेल्या मोठ्या करंज्यांसारख्या, रविवारच्या. मला दुपारी सूप मिळालं.

मी तिला म्हटलं, "हे सगळं तो मला खूश ठेवायला करतोय. मी गुणलेखक आहे."

मर्ना म्हणाली, "वेन, त्या पोराला आपले असिस्ट किती झाले हेसुद्धा माहीत नाही. तुला माहीत आहेत." आणि सूप ढवळायला लागली.

९ फेब्रुवारी

गावच्या पेपरात पान भरून बातमी. त्याचा फोटो केवढा! माझा टपाल तिकिटाएवढा, तोही मिशीतला जुना. मथळा, 'विक्रम टिकणार का?' सकाळपासून टायर बदलायला येणारा प्रत्येक जण पेपर घेऊन येतोय. 'काय वेन, धाकधूक होतेय का?' असं विचारणाऱ्या एकाची नटं मी जरा जास्तच आवळली. उन्हाळ्यात काढताना आठवण होईल माझी.

२३ फेब्रुवारी

त्याचे अडतीस झाले. कालपासून डोक्यात एक विचार आहे आणि तो चांगला आहे असं मला वाटतं.

बरोबरी व्हावी. एक्केचाळीस त्याचे, एक्केचाळीस माझे. फळ्यावर दोन नावं, माझं वर, कारण ते आधीचं. कॉलेजवाले म्हणालेत की तसं झालं तर मी बर्फावर जाऊन त्याला पक द्यायचा, फोटो काढायचा. लोक म्हणतील, कोटिला दिलदार माणूस आहे. आणि तो शेवटचा असिस्ट माझ्याच हाताने लिहिलेला असेल.

आज न्हाणीघरात आरशासमोर दोन शब्द बोलून पाहिले. 'रीस, विक्रम हे मोडण्यासाठीच असतात.' मर्नाने बाहेरून दार वाजवलं. "मोडला कुठे आहे अजून?" तिचे कान फार तिखट आहेत.

८ मार्च, सकाळी

प्लेऑफ. काल हरलो. आजही हरलो तर मोसम संपला. त्याचे चाळीस झालेत. फक्त एक हवा. निळा कोट घालणार आहे, त्यात मी फोटोत बरा दिसतो.

९ मार्च

काल हरलो. ते लिहायला हात उठत नव्हता, पण हरणं त्यातलं सोपं.

शेवटची काही मिनिटं उरली होती, आम्ही तीन गोलांनी मागे. तेवढ्यात गोलसमोर गर्दी झाली, पक कोणाच्या तरी स्केटला लागून उडाला आणि सँडविकने आत ढकलला. डॅनिलुक तिथेच होता, अगदी चिकटून. रेफरी भोकापाशी येऊन म्हणाला, "सँडविकचा. असिस्ट कोणाचा नाही."

मी म्हटलं, "डॅनिलुकचा."

"लागला का त्याला?"

"लागला असणारच. मी बघितलं."

रेफरीने खांदे उडवले. मी बर्निसला चिठ्ठी दिली. तिने ती वाचली, पुन्हा वाचली, आणि माइक उघडला. डॅनिलुकचं नाव आलं, विक्रमाशी बरोबरी असंही आलं, आणि रिंक कोसळेल असा आवाज झाला. हरत असलेल्या सामन्यात! बँड वाजायला लागला. लोक माझ्याकडेही बघून टाळ्या वाजवत होते. मी कोटाचं बटण लावलं.

तेव्हा तो बाकावरून निघाला. सरळ बर्फ ओलांडून माझ्याकडे आला. मला वाटलं आभार मानायला येतोय. मी आतून हातसुद्धा वर केला. तो वाकला, भोकापाशी तोंड आणलं.

"मिस्टर कोटिला, माझा नाही तो. मी शिवलोच नाही पकला. सँडविकच्याच स्केटला लागला."

मी म्हटलं, "तू शिवलास. मला दिसलं."

"नाही शिवलो, सर."

"अरे, टाळ्या ऐक! कशाला घोळ घालतोस? राहू दे की."

"कसा राहू देऊ, सर? माझा नाही ना."

त्याला राग आलेला नव्हता. घाम गाळत उभा होता, दुकानात उरलेले सुटे पैसे विसरलेल्या माणसाला हाक मारावी तसा. बर्निसने माझ्या हातातून पेन घेतलं, चिठ्ठीवरचं नाव खोडलं आणि माइकवर दुरुस्ती पुकारली. टाळ्या थांबल्या. मग लोक माझ्यावर ओरडायला लागले. विद्यार्थी तर माझं नाव घेऊन ओरडत होते, एका तालात. मी निळा कोट घालून बसलेला.

आज अजूनही संताप जात नाही. द्यायला निघालो तर परत करतो! हा कोण मला शिकवणारा? विसाव्या वर्षी एवढा चांगुलपणा माणसाला शोभत नाही.

मर्ना सकाळपासून माझ्याशी फार गोड वागते आहे. म्हणजे तिलाही लाज वाटतेय.

११ मार्च

दुकान बंद ठेवलं. कॉलेजमधून त्या दोन सामन्यांची फिल्म मागवून घेतली, नोव्हेंबरातला आणि जानेवारीतला. बघायची गरज नव्हती. दोन्ही त्याचेच होते हे तेव्हाच मला दिसलं होतं.

लीगच्या कचेरीत फोन केला. तिकडे एक मुलगी होती.

"दोन दुरुस्त्या करायच्या आहेत," मी म्हटलं.

"तक्रार कोणाची, सर?"

"माझी."

"कोणाविरुद्ध?"

"माझ्याच."

ती म्हणाली, "असा रकाना नाहीये आमच्याकडे." मग म्हणाली, फिल्म पाठवा, बघतो.

संध्याकाळी मर्नाला सांगितलं. तिने हातातलं पीठ झटकलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. टकलावर पीठ लागलं. ती म्हणाली, "नोव्हेंबरातच बर्निसने फोन केला होता मला."

२९ मार्च

लीगने दोन्ही मान्य केले. त्याचे बेचाळीस. कॉलेजचा माणूस स्क्रूड्रायव्हर घेऊन आला आणि पट्टी काढून पाकिटात घालून माझ्या हाती दिली. पट्टीच्या मागचं लाकूड पिवळं, नवं कोरं होतं. डेलचा फोन आला. मला वाटलं आता आहेरावरून छळणार. पण तो म्हणाला, "वेन, शनिवारी सौनाला ये." बाकी काही बोलला नाही. डेल बोलत नाही तेव्हा मला भीती वाटते.

३ मे

डॅनिलुक दुकानात आला. उन्हाळ्यासाठी घरी निघाला होता, ट्रकचे हिवाळी टायर काढायचे होते. मी स्वतःच जॅक लावला. तो शेजारी उभा राहून नटं गोळा करत होता.

मी विचारलं, "बेचाळीस झाले ते कळलं ना?"

"हो, कोचने सांगितलं. आभारी आहे, सर."

"ते दोन तुझे होते. तुला ठाऊक होतं?"

"पहिला ठाऊक होता. दुसऱ्याची जरा शंका होती."

"मग तेव्हा आला का नाहीस काचेपाशी? शेवटच्या दिवशी बरा आलास!"

त्याने नटं माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाला, "आमचे बाबा गावच्या रिंकवर गुणलेखक आहेत. ते म्हणतात, काचेपाशी मागायला जायचं नाही. परत द्यायला जायचं."

मी चारही टायर बदलले. पैसे घेतले नाहीत, तर त्याने गल्ल्याशेजारी ठेवून दिले. मर्नाने पास्ट्यांची पिशवी पाठवली होती ती दिली. तो गेला. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत ट्रक दिसत होता.

दुपारी रिंकवर गेलो. उन्हाळ्यासाठी बर्फ वितळवून टाकला आहे, खाली नुसतं राखाडी सिमेंट. कोणी नव्हतं. मी खेळाडूंच्या बाकावर बसलो, माझ्या जुन्या जागी, दारापासून तिसऱ्या. समोर काच, काचेत भोक, मागे माझी खुर्ची. मी खेळलो ती सगळी वर्षं त्या खुर्चीत मामा असायचे. गोल झाला, माझं नाव पुकारलं, की मी इथे बसून टाळ्या ऐकायचो आणि सिमेंटच्या छताकडे बघायचो. डेल माझ्याकडे बघायचा.

त्या पोराच्या हातांचा हेवा मला वर्षभर वाटला. आता तो त्या बाकावरून उठला त्याचा वाटतो, आणि हा हेवा कुठली कचेरी दुरुस्त करून देणार नाही.

मी उठलो. सिमेंटवरून चालत काचेपाशी गेलो. मला वाटत होतं त्यापेक्षा अंतर फारच थोडं आहे. वाकलो. खांदा दुखला. आत माझी रिकामी खुर्ची होती, तिच्यावर बर्निसची विसरलेली शाल.

भोकाला तोंड लावून म्हटलं, "मामा, मी शिवलो नव्हतो."